जमिनीची अवस्था

आभाळातून जे काही पडतं ते जमिनीला टेकेपर्यंत माझं आणि टेकल्यानंतर बायकोचं, अशी आमच्या संसाराची वाटणी आहे. मी हवामान केंद्राचा निरीक्षक. ती महापालिकेच्या नाले विभागाची प्रमुख. लग्न ठरलं तेव्हा दोन्हीकडच्या मंडळींना हा योग फार गोड वाटला होता. आकाश आणि धरती असं काहीतरी कोणी म्हणालंही होतं. त्या माणसाने तुंबलेला नाला कधी जवळून पाहिला नसावा.

आमच्या गावाच्या बाबतीत आभाळ कंजूष नाही. भुरभुर, संततधार, सरी, गारा, हिम, हिमात कालवलेला पाऊस, सगळं पडतं, आणि कधीकधी एकाच दुपारी. मला या प्रकारांचा अभिमान आहे. थेंब अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर ती भुरभुर, मोठा असेल तर पाऊस, हे मी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात बायकोला समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, थेंब केवढाही असो, शेवटी माझ्या खड्ड्यातच जातो.

तिची वर्गवारी वेगळी आहे. भुरभुर म्हणजे पडलेली पानं नाल्याच्या जाळीला पोस्टाच्या तिकिटांसारखी चिकटवणारी. सर म्हणजे तीच पानं उचलून पुढच्या जाळीवर नेऊन ठेवणारी. गारा पाण्यावर तरंगत येतात आणि जाळीच्या तोंडाशी लग्नाच्या पंगतीसारखी गर्दी करतात. हिम नुसतं बसून राहतं. लोक त्याचे फोटो काढतात, आणि मग एका उबदार दुपारी ते सगळंच्या सगळं एकदम निघायचं ठरवतं. मातीबद्दल ती जरा हळवी आहे. माती आधी पिते, पोट भरलं की नको म्हणते, आणि गोठलेली असेल तर तोंडच उघडत नाही. मग आलेला थेंब न् थेंब बायकोच्या दारात.

एक प्रकार मात्र या वाटणीत बसत नाही, आणि गोष्ट त्याचीच आहे. गोठणारा पाऊस. तो वरून येताना साधं पाणी असतो, फक्त इतका गार झालेला की गोठायला कारण शोधत असतो. जमीन, पायरी, कठडा, जे पहिलं लागेल त्याला टेकला की तिथल्या तिथे बर्फ. म्हणजे माझ्या वहीत पाऊस आणि तिच्या रस्त्यावर काच. पाहायला काहीच नसतं. ओला रस्ता आणि काच झालेला रस्ता खिडकीतून अगदी सारखे दिसतात. हे वाक्य मी पुढे चौकशी समितीसमोरही म्हटलं. तिथे ते तितकंसं शोभलं नाही.

माझ्या निरीक्षण वहीत बावीस रकाने आहेत. एकविसावा रकाना 'जमिनीची अवस्था'. त्यात एकच आकडा लिहायचा. कोरडी असेल तर शून्य, ओलसर असेल तर एक, ओली असेल तर दोन, आणि असं करत करत पाच म्हणजे बर्फाची काच. नियमपुस्तक सांगतं की निरीक्षकाने केंद्राच्या आवारात स्वतः जाऊन, जमीन पाहून, गरज वाटल्यास हाताने स्पर्श करून हा आकडा ठरवावा. आम्हाला राहायला मिळालेलं घर केंद्राच्या आवारातच आहे, आणि स्वयंपाकघराची खिडकी थेट उपकरणांच्या हिरवळीवर उघडते. ही सोय ज्याने केली त्याचा हेतू चांगला असणार. पण सकाळी सहा वाजता हातात गरम चहाचा कप असताना समोर एवढी मोठी खिडकी असेल, तर माणूस गरज वाटण्याची वाट पाहत बसतो. मला एकोणीस वर्षं गरज वाटली नाही. तापमान, वारा, दाब, पाऊस मी बाहेर जाऊन, प्रामाणिकपणे, मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत मोजतो. फक्त एकविसावा रकाना खिडकीतून.

आता या रकान्यावर महापालिकेचा एक नियम उभा आहे. माझ्याकडून पाच असा आकडा गेल्याशिवाय नाले विभागाने रस्त्यावर वाळू टाकायची नाही. वाळू टाकली की पाय घसरत नाहीत, पण नंतर तीच वाळू नाल्यात जाते, म्हणून कोणीतरी शहाण्याने ही अट घातली. त्या दिवसापर्यंत मला तो नियम माझ्या खात्याचा सन्मान वाटत असे.

त्या दिवशी बायको पावणेसहाला कामावर निघाली. रात्रभर भुरभुर चालू होती. फाटकाबाहेरच्या रस्त्यावर पहिलं पाऊल टाकताच तिचा पाय सुटला. कठडा हाताशी होता म्हणून ती उभी राहिली. तिने तिथूनच मुकादमांना फोन लावला आणि वाळूच्या दोन्ही गाड्या बाहेर काढायला सांगितल्या. मग मला फोन लावला. मी त्या वेळी मुख्यालयाला सहाची नोंद सांगत होतो, त्यामुळे तो लागला सहा वाजून दहा मिनिटांनी.

"अरे, जमीन गोठलीये. पाच लिही."

मी म्हणालो, नोंद गेली. दोन गेलाय.

"दोन कशावरून?"

"ओली दिसतेय."

"कुठून दिसतेय?"

मी चहाचा घोट घेतला. त्याचा आवाज बहुधा तिकडे ऐकू गेला. बायको म्हणाली, बरं, आणि तिने फोन ठेवला. एकोणीस वर्षांच्या संसारात तिच्या 'बरं' या शब्दाचे जेवढे प्रकार मी ऐकले आहेत, तेवढे माझ्या नियमपुस्तकात ढगांचे नाहीत.

गाड्या फिरल्या. साडेसातपर्यंत चढाचे सगळे रस्ते, इस्पितळाची वाट, शाळांची दारं, बाजारातले जिने यांच्यावर वाळू पडली. गावात कोणी पडलं नाही.

म्हणजे एक माणूस पडला. साडेआठला मी पर्जन्यमापकातलं पाणी मोजायला हिरवळीवर गेलो आणि तिसऱ्या पावलाला दोन्ही पाय माझ्या आधी पुढे निघून गेले. मी बसलो, असंच म्हणायला हवं, पण ज्या वेगाने बसलो तो बसण्याचा वेग नव्हता. मणक्याच्या तळापासून टाळूपर्यंत एक वीज गेली. मग मी आडवा झालो आणि काही वेळ तसाच राहिलो. नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच मी आभाळ नियमाप्रमाणे पूर्ण पाहिलं. ढग आठपैकी आठ भाग.

गवताचं पान न् पान काचेच्या नळीत घातल्यासारखं होतं. तळवा टेकवला तर माती लोखंडासारखी. एकोणीस वर्षांत मी जमिनीला लावलेला तो पहिला हात. उठलो, गुडघ्यांवर रांगत पर्जन्यमापकापर्यंत गेलो, दोन पूर्णांक आठ मिलिमीटर पाणी मोजलं आणि आत येऊन वही उघडली. वरच्या ओळीत, सहाच्या नोंदीत, शाईने लिहिलेला दोन माझ्याकडे पाहत होता.

खाडाखोड चालत नाही. दुरुस्ती करायची तर लाल शाईने, समोर कारण लिहून, मुख्यालयाला कळवून. कारण काय लिहिणार? निरीक्षक पडला? साडेआठला एकविसावा रकाना भरायचा नसतो. तो पुन्हा भरायचा दुपारी बारा वाजता. बारापर्यंत हवा उबदार झाली, काच वितळली आणि जमीन खरोखरच ओली झाली. मी दोन लिहिला, या वेळी खिडकीतूनच, पण बरोबर. अशा रीतीने त्या दिवशीचा बर्फ वहीत कुठेच आला नाही. तो फक्त माझ्या अंगावर नोंदला गेला होता, आणि ती नोंद मी पॅंटच्या आत ठेवली.

दुपारी दोनला गारांसकट जोराची सर आली. गारा, पानं आणि सकाळची वाळू यांनी मिळून महापालिकेच्या नव्या सभागृहासमोरच्या तिन्ही जाळ्या बंद केल्या. चारला सभागृहाचं उद्घाटन होतं. पाणी पायऱ्या चढून आत गेलं, निळ्या गालिच्यावरून व्यासपीठापर्यंत पोचलं आणि तिथेच थांबलं. आयुक्तांनी भाषण केलं ते खुर्चीवर पाय वर घेऊन. वर्तमानपत्रात फोटो आला. फोटोत आयुक्तांचे बूट टेबलावर, माइकच्या शेजारी होते.

दुसऱ्या दिवशी बायकोच्या हातात नोटीस पडली. हवामान केंद्राच्या नोंदीनुसार जमीन केवळ ओली असताना आपण अधिकाराबाहेर जाऊन वाळू टाकली व नाले तुंबवले, तरी खुलासा करावा. दोषी ठरल्यास बदली. बदलीचं ठिकाणही कुजबुजीतून कळलं होतं: पाळीव कुत्र्यांच्या परवान्यांची खिडकी.

बायकोने हे जेवताना सांगितलं आणि पुढचा घास घेतला. बावीस वर्षांत तिने या गावाचे नाले गल्लीगल्लीतून ओळखीचे केले आहेत. कुठल्या वळणावर पाणी रुसतं, कुठल्या झाकणाखाली जुन्या काळची विटांची कमान आहे, हे तिला नकाशाशिवाय माहीत आहे. माणसं समुद्राकाठी उभं राहून जसा श्वास घेतात तसा ती उघड्या चेंबरच्या काठावर घेते. तिला कुत्र्यांच्या बिल्ल्यांच्या मागे बसवणं म्हणजे काय, ते मला कळत होतं. कळत असूनही मी उभ्याने जेवत होतो.

"बस की," ती म्हणाली.

मी म्हणालो, दिवसभर बसून असतो, पाठीला बरं नाही.

कन्या कॉलेजात आहे. तिने ताटावरून नजर वर केली, माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागच्या खुर्चीकडे पाहिलं आणि पुन्हा जेवू लागली. ती बोलत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते.

बायकोने मला पाच लिही असं पुन्हा म्हटलं नाही. खोटं बोल असंही नाही आणि खरं बोल असंही नाही. चौकशीत मला साक्षीला बोलावलं आहे असं पत्र आलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तू जे पाहिलंस ते सांग." अडचण हीच होती की मी पाहिलं नव्हतं. मी बसलो होतो.

चौथ्या दिवशी मुकादम घरी आले. बायको बाहेर होती. मुकादम म्हणजे तिच्या वाळूच्या गाड्यांचे आणि पंधरा माणसांचे म्होरके, आवाज असा की चेंबरमधून बोलले तरी वरच्या मजल्यावर ऐकू जावं. हातात एक यादी होती. गावात त्या सकाळी पडलेल्या माणसांची. तीन दिवस दारोदार फिरून त्यांनी ती केली होती, आणि तिच्यावर एकच नाव होतं, तेही खोडलेलं. तो माणूस पडला होता हे खरं, पण स्वतःच्या घरातल्या जिन्यावर, मांजराला पाय लागून.

मुकादमांचं दुःख असं होतं की त्यांच्या माणसांनी फार चांगलं काम केलं होतं. "साहेब, आम्ही वाळू टाकली म्हणून कोणी पडलं नाही. आणि आता ते म्हणतात, कोणी पडलं नाही म्हणजे बर्फ नव्हताच. चार चौक सोडले असते तर आज बाई सुटल्या असत्या." त्यांनी यादी घडी करून खिशात ठेवली. मला विचारलं, तुमच्या ओळखीत कोणी आहे का, एक जरी भला माणूस पडलेला मिळाला तरी पुरे. मी खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणालो, लक्षात ठेवतो. मग ते म्हणाले, साहेब, मी मघापासून बसलोय, तुम्ही उभे का? मी म्हणालो, तुमच्या मानासाठी. मुकादम गहिवरून उठले आणि जाईपर्यंत तेही उभेच राहिले.

ते गेल्यावर कन्या दारात टेकून उभी होती.

"बाबा, कुठे पडलात?"

मी विषय बदलायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, चार रात्री तुम्ही पोटावर झोपताय आणि गाडीतून जाताना उशी घेताय. मी म्हणालो, हिरवळीवर. ती आईला सांगितलंत का, असं विचारेल असं मला वाटलं होतं. तिने विचारलं, "वहीत लिहिलंत का?" मी नाही म्हणालो. "वहीलाच सांगितलं नाहीत, मग अजून कोणाला सांगणार?" एवढं बोलून ती आत गेली. पोरीला माझा स्वभाव माझ्या आईपेक्षा जास्त कळतो.

खरं सांगायचं तर मी त्या नऊ दिवसांत जे गणित करत होतो ते असं. पडलो म्हणावं, तर विचारतील की सहाला काच दिसली कशी नाही. खिडकीतून पाहिलं म्हणावं, तर विचारतील की आजवर कितीदा. एकोणीस वर्षं, दिवसातून चार वेळा. मुख्यालयात माझ्या वह्या नमुना म्हणून नव्या निरीक्षकांना दाखवतात. अक्षर चांगलं आहे, खाडाखोड नाही. माझ्याजवळ अभिमान वाटण्यासारखं तेवढंच आहे. दुसऱ्या पारड्यात बायको होती. हे गणित करायला नऊ दिवस लागावेत याचीच मला नंतर जास्त लाज वाटली.

चौकशी त्याच सभागृहाच्या शेजारच्या खोलीत होती. गालिचा अजून उन्हात वाळत असल्याने फरशी उघडी होती. समितीत तीन जण: अध्यक्ष म्हणून उपायुक्त, विधी अधिकारी, आणि महापालिकेच्या डॉक्टरीणबाई. त्यांना कशासाठी घेतलं होतं हे कोणालाच माहीत नव्हतं; बहुधा कोरम भरायला. बायको एका बाजूला फाइल उघडून बसली होती. तिथे ती मला निरीक्षकसाहेब म्हणते आणि मी तिला मॅडम.

उपायुक्तांनी मला बसायला सांगितलं. मी म्हणालो, उभाच बरा. त्यांना ते नम्रतेचं लक्षण वाटलं.

विधी अधिकाऱ्यांनी वही पुढे सरकवली आणि त्या तारखेच्या ओळीवर पेनाचं टोक ठेवलं. हा आकडा तुमचाच ना? माझाच. दोन म्हणजे? ओली. पाहून लिहिलात? पाहून. त्यांनी वही मिटली. त्यांच्या दृष्टीने काम झालं होतं. उपायुक्तांनी घड्याळ पाहिलं. बायकोने मान वर केली नाही. ती फाइलमधल्या एका नकाशावर बोट फिरवत होती, सभागृहाजवळच्या जाळीवरून मुख्य नाल्याकडे, जसं कोणी झोपलेल्या मुलाच्या पाठीवर फिरवतं.

मी म्हणालो, "कुठून पाहिलं ते तुम्ही विचारलं नाहीत."

"कुठून?"

"स्वयंपाकघरातून."

खोलीत कोणाचीतरी खुर्ची वाजली. मी एकदा सुरू झाल्यावर मला थांबता येईना. ओला रस्ता आणि काच झालेला रस्ता खिडकीतून सारखे दिसतात, हे सांगितलं. माझा तापमापक जमिनीपासून चार फुटांवर टांगलेला असतो आणि चार फुटांवर त्या दिवशी शून्याच्या वर होतं, हेही सांगितलं. विधी अधिकारी म्हणाले, मग बर्फ होता की नव्हता, हे तुम्ही कशावरून सांगता, तुम्ही जमिनीला हात लावला होता का?

"सहाला नाही. साडेआठला लावला."

"हात?"

"हात नंतर लावला."

त्यांना कळेना. डॉक्टरीणबाईंना कळलं, कारण सगळ्यांत आधी त्यांनीच माझ्याकडे, म्हणजे माझ्या उभं राहण्याकडे, पाहिलं. मी पडलो होतो, हे शब्द मी शेवटी उच्चारले. बायकोचं बोट नकाशावर थांबलं.

विधी अधिकारी पुराव्याशिवाय हवासुद्धा मानत नाहीत. डॉक्टरचा दाखला? नाही. कोणी पाहिलं? नाही. कोणाला सांगितलं? मुलीला, तेही तिने विचारलं म्हणून. मग हे आम्ही का मानायचं, असा त्यांचा सवाल होता. बायकोला वाचवायला नवरा आज काहीही म्हणेल. ते बरोबर बोलत होते. मी अडलो. मग माझ्या लक्षात आलं की त्या दिवशीची एक नोंद अजून शिल्लक आहे, आणि ती मी बरोबरच आणली आहे.

खोलीच्या कोपऱ्यात फाइलींचं लोखंडी कपाट होतं. त्याचं दार उघडं धरून त्यामागे आडोसा केला गेला. दार धरायचं काम उपायुक्तांकडे आलं, कारण त्यांची खुर्ची सगळ्यांत जवळ होती. त्यांनी ते तोंड भिंतीकडे करून, पदाला साजेशा गांभीर्याने केलं. कपाटाच्या त्या कप्प्यात मागल्या दशकातल्या जन्मदाखल्यांच्या प्रती होत्या. मी पट्टा सोडला. डॉक्टरीणबाई चष्मा लावून खाली वाकल्या.

मग त्या अभ्यासूपणाने सांगू लागल्या आणि विधी अधिकारी लिहून घेऊ लागले. रुंदी साधारण वीतभर. कडेला पिवळं, मध्ये हिरवट, आतला जांभळा विरत आलेला. म्हणजे आठ ते दहा दिवस. मार सपाट आणि एकसारखा. विधी अधिकाऱ्यांनी विचारलं, ओल्या जमिनीवर पडूनही असं होऊ शकतं ना? बाईंनी मला विचारलं, पडलात ती जागा कसली? मी म्हणालो, हिरवळ. खाली भुसभुशीत काळी माती.

त्या म्हणाल्या, "ओल्या हिरवळीवर पडले असते तर पॅंट खराब झाली असती. हे फरशीवर पडल्यासारखं आहे."

"म्हणजे जमीन गोठलेली होती?"

"दगड झालेली होती. लिहा."

विधी अधिकाऱ्यांनी लिहिलं. त्या अहवालाच्या परिशिष्टात माझी नोंद आजही आहे. माझ्या कारकिर्दीतलं ते एकमेव निरीक्षण, जे दुसऱ्या खात्याने तपासून खरं ठरवलं.

मी पट्टा लावून बाहेर आलो तेव्हा उपायुक्तांना दुसरीच काळजी पडली होती. एकोणीस वर्षांचा रकाना खिडकीतला असेल, तर त्यावर गावात काय काय बांधलं गेलं असेल? नवे नाले, रस्त्यांचे उतार, सभागृहाचा पाया? त्यांचा चेहरा उतरत गेला. हे प्रकरण माझ्यावरून सरकून त्यांच्या गळ्यात पडू पाहत होतं. तेव्हा बायको पहिल्यांदा बोलली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा, साध्या आवाजात.

"सर, काळजी नको. आमच्या विभागात तो रकाना कोणी वाचत नाही. मी रोज सकाळी चपलेने बघते."

उपायुक्तांनी सुटकेचा श्वास सोडला. मी मात्र पुन्हा एकदा बसलो, आणि या वेळी हिरवळसुद्धा नव्हती.

निकाल तासाभरात लागला. जमीन गोठलेली असल्याचं सिद्ध, वाळू योग्य, नाले विभागप्रमुख निर्दोष. सभागृहासमोरच्या जाळ्या अरुंद आहेत, त्या रुंद कराव्यात, ही बायकोची सहा वर्षं पडून असलेली मागणी त्यातच मंजूर झाली, कारण आयुक्तांचे बूट अजून वाळले नव्हते. माझ्याबद्दल मुख्यालयाला कळवायचं ठरलं. मुख्यालयाचं पत्र चार दिवसांनी आलं. नमुना वह्यांमधून माझ्या वह्या काढल्या होत्या. एकोणीस वर्षांच्या एकविसाव्या रकान्यावर, पानापानावर, 'खिडकीतून' असा शिक्का मारण्याचं काम माझ्याकडेच दिलं होतं. आणि यापुढे तो आकडा मी जमिनीला हात लावून, कोणा जबाबदार व्यक्तीच्या सहीसह पाठवायचा होता.

निकालाच्या दिवशी आम्ही चालत घरी आलो. मुकादम दाराबाहेर थांबले होते. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि चौकभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, साहेब, तुम्ही पडलात हे फार बरं केलंत. रस्त्याने जाणारे दोघे-तिघे वळून पाहू लागले. बायको बरीच पुढे गेली होती. मग थांबली, आणि माझ्या चालीने चालू लागली.

"नऊ दिवस," ती म्हणाली.

मी म्हणालो, हो.

"मला वाटलं तुला माझा राग आलाय. उभ्याने जेवतोयस, तोंड फिरवून झोपतोयस." मग थोडं चालून, "रागच असता तर बरं होतं. त्याची मला सवय आहे."

घरी आल्यावर तिने डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेलं मलम टेबलावर ठेवलं आणि स्वतःच्या कामाला लागली. तिने माफ केलं की नाही ते मला अजून माहीत नाही. विचारण्याची हिंमत झालेली नाही.

पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी बाहेर गेलो. जबाबदार व्यक्ती म्हणून आवारात दुसरं कोणी नव्हतंच. बायको कामावर जायच्या बुटांत येऊन उभी राहिली, हात खिशात. मला पूर्ण वाकता येत नव्हतं, म्हणून आधी एक गुडघा टेकला, मग दुसरा, मग तळवा. रात्री थोडी भुरभुर झाली होती. मातीने ती पिऊन टाकली होती. वर गवत चमकत होतं, खाली मऊ, गार, बोटांना किंचित चिकटणारं काहीतरी.

"दोन," मी म्हणालो.

ती वाकली. चिमूटभर माती उचलून तिने अंगठ्याने चोळली, माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी मूठ मिटवून दाबली. मग उघडली. पाणी सुटलं नव्हतं. मातीचा गोळा झाला होता, त्यावर माझ्या बोटांचे ठसे.

"दाबल्यावर पाणी सुटलं तर ओली. ही ओलसर आहे. एक."

मी म्हणालो, नियमपुस्तकात दाबून पाहायचं लिहिलेलं नाही. ती म्हणाली, लिहून घे मग. थोडा वेळ आम्ही हिरवळीवर त्या ढेकळावरून वाद घातला. ती उशीर होतोय म्हणत होती आणि जात नव्हती. शेवटी मी गुडघ्यावर वही ठेवून एक लिहिला. तिने समोर सही केली, पूर्ण नावाने, हुद्द्यासकट, आणि मला उठवायला हात पुढे केला.